सपाट माप

बाबा तांदूळ मोजत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होते. वाटी डब्यात बुडवायची, वर काढायची, मग तर्जनी काठावरून हळूच फिरवायची. काठाच्या वर आलेले दाणे परत डब्यात. भात दोघांचा होता.

"बाबा, मी काही तक्रार घेऊन जाणार नाहीये कुणाकडे," मी म्हणाले.

"तुझा काय भरवसा," ते म्हणाले आणि दुसऱ्या वाटीवरूनही बोट फिरवलं. "आणि मी कुठे मुद्दाम करतो? हाताला सांग. माझं ऐकायचं त्यानं केव्हाच सोडलंय."

फडताळावर रेडिओ चालू होता. तो दिवसभर चालूच असायचा; आई गेल्यापासून घरात कुणीतरी बोलत असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. बातम्या लागल्या. दूर कुठेतरी, ज्या भागाचं नाव आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं, तिथलं सगळं पीक गेलं होतं आणि धान्याचे ट्रक निघाले होते. बाबांनी नळ बंद केला. बातमी संपून हवामान सुरू झालं तरी ते तसेच उभे राहिले.

"तिथे माप कोण घालणार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की आता तसं काही नसतं. आता सगळं बंद पिशव्यांमध्ये येतं. यंत्र भरतं, यंत्रच शिवतं, माणसानं नुसती पिशवी उचलून हातात द्यायची.

"म्हणजे मध्ये कुणाचा हातच लागत नाही?"

"नाही."

त्यांनी तांदूळ धुतले, पाणी काढून टाकलं, पातेलं शेगडीवर चढवलं. मग म्हणाले, "बरं झालं."

तो त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि त्यात सांगण्यासारखं जवळजवळ काहीच घडलं नाही. मी महिन्यातून एकदा येत असे, तशी आले होते. सकाळी त्यांनी खिडकीची कडी दुरुस्त केली आणि ती पुन्हा निघाली. मग ते केस कापायला गेले. न्हावी त्यांच्याच वयाचा, त्यांच्याइतकाच कमी केसांचा. त्यानं विचारलं होतं, "काय फळी, सपाट करू का वरून?" हे तो गेली कित्येक वर्षं दर वेळी विचारायचा, आणि बाबा दर वेळी घरी येऊन मला किंवा आईला ते सांगायचे, जणू आजच पहिल्यांदा ऐकलंय.

फळी हे त्यांचं गावातलं नाव. नव्या पिढीला वाटायचं, अंगानं काटकुळे आणि ताठ म्हणून फळी. बाबांनी तो समज कधी खोडून काढला नाही.

जेवणानंतर ते परसात गेले आणि दोन पपया घेऊन आले. एक माझ्यासमोर ठेवली, एक कागदात गुंडाळली.

"ही ताईला नेऊन दे. माझं नाव नको सांगू."

"झाड कुणाच्या परसात आहे ते आत्याला माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण सांगितलंस की तिला परत पाठवावी लागेल. नाही सांगितलंस तर खाता येईल."

आत्या बाजाराच्या पलीकडच्या अंगाला राहायची, चालत फार लांब नाही. मी लहान होते तेव्हापासून ती बाबांशी बोलत नव्हती. माझ्याशी बोलायची, आईशी बोलायची, रस्त्यात बाबा समोरून आले की मात्र तिला अचानक दुकानाच्या पाट्या वाचायच्या असायच्या. आणि वाचता तर तिला येत नव्हतं.

मी गेले तेव्हा ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. गुडघे दुखत होते. तिनं कागद उलगडला, पपई हातात फिरवून पाहिली.

"फळीनं पाठवली?"

"मी आणली."

"वरून कापून सपाट केलेली नाही, म्हणजे तूच आणली असशील." तिनं सुनेला हाक मारली आणि पपई आत पाठवली. मग गुडघ्यांबद्दल बोलली, माझ्या वजनाबद्दल बोलली, माझ्या धाकट्या आतेभावाच्या नव्या नोकरीबद्दल बोलली. मी निघताना तिनं विचारलं, पायऱ्या चढताना दम लागतो का त्याला. मी म्हणाले, लागतो थोडा. मग मी म्हणाले की आत्या, एकदा ये ना घरी. तुमची दोघांचीही वयं झाली.

तिनं लगेच नाही म्हटलं नाही. नेहमी लगेच म्हणायची.

"त्यानं एकदा सांगावं," ती म्हणाली. "का केलं ते. एवढंच. क्षमा नको मागू म्हणावं, नुसतं सांग. मग मी गुडघे घासत येईन."

तिनं काय विचारलं आणि बाबा ते का सांगत नव्हते, हे कळायचं तर मला त्या वर्षाकडे जावं लागेल.

बाबा धान्यबाजारात मापाडी होते. व्यापारी बोली लावायचे, शेतकरी पोती उघडायचे, आणि बाबा मध्ये बसून माप घालायचे. त्या काळी आमच्याकडे माणसाला धान्य द्यायचं तर शिगेनं द्यायचं. माप भरल्यावर काठावर दाण्यांचा जो उभा डोंगर राहतो, त्याला शीग म्हणतात. ती चढवायलाही कसब लागतं. हाताचा जोर कमी पडला तर शीग बसकी होते, जास्त झाला तर ढासळते. बाबांची शीग अशी चढायची की शेवटचा दाणा टोकावर क्षणभर थांबायचा आणि मग कुठल्या बाजूनं घरंगळावं याचा विचार करायचा. सपाट माप गुरांच्या अंबोणाला. माणसाच्या भांड्यावर फळी फिरवणं म्हणजे त्याचं ताट पायानं सरकवण्यासारखं होतं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, तेवढंच.

त्या वर्षी पीक उभं होतं. हेच लांबच्या लोकांना समजावता येईना. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना हिरवीगार, छातीइतकी उंच शेतं दिसायची आणि तो म्हणायचा, यंदा चंगळ आहे तुमची. कणसं मात्र भरलीच नाहीत. सोलून पाहिलं की आत पांढरी, पोचट साल. काही रोग होता म्हणे, वाऱ्याबरोबर आलेला. शेतकरी एक कणीस सोलायचे, मग दुसरं, मग शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणखी एक. तिथे काही वेगळं असेल, असं वाटायचं.

बाजार बंद पडला. मोजायला काही नव्हतं. थंडी सरता सरता घरातल्या कणग्या रिकाम्या वाजू लागल्या. त्यानंतर मदतीचे ट्रक आले. बाजाराच्याच पत्र्याच्या शेडमध्ये वाटप ठरलं, आणि माप घालायला अर्थात बाबांना बोलावलं.

वाटपावर देखरेख करायला बाहेरून एक बाई आली होती. वयानं लहान, गळ्यात शिट्टी, पायांत तिच्या मापापेक्षा मोठे बूट. लोकांनी दुपारच्या आत तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं. तिनं बाबांना तेलाचा एक डबा दिला, वरचं तोंड कापून कडा आत दुमडलेला, आणि एक लाकडाची फळी. घरटी एक डबा, सपाट, असं तिनं सांगितलं. सगळी घरं धरून हिशेब केला होता. बाबांनी फळी हातात घेऊन पाहिली आणि पोत्यामागे ठेवून दिली.

बाईनं सकाळी दोनदा टोकलं. ती जवळ असली की बाबा हातानं थोडी शीग पाडायचे, ती ट्रककडे गेली की पुन्हा चढवायचे. त्यांना यात फसवाफसवी वाटत नव्हती. परकी पोर आहे, तिला इथलं कळत नाही, असं त्यांना वाटत होतं. रांगेत त्यांच्या ओळखीची माणसं होती. ज्यांचं धान्य त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं होतं ती माणसं आज हातात भांडं घेऊन, मान खाली घालून उभी होती. बाबा त्यांना काही बोलू शकत नव्हते. बोलायला त्यांच्याकडे ती शीगच होती. प्रत्येक भांड्यात डबा उपडा करताना ते नाव घेऊन म्हणायचे, या. न्हाव्याला त्यांनी जरा जास्तच उंच चढवून दिली. आत्याला तर इतकी, की तिच्या पदरात दाणे सांडले आणि ती हसली. कितीतरी दिवसांत आम्ही तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा पोती संपली. रांग संपली नव्हती.

जे उरले ते सगळे वरच्या वस्तीतले होते. डोंगराच्या खांद्यावर ती वस्ती, ती माणसं सर्वांत लांबून चालत आलेली, म्हणून सर्वांत मागे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एकानं विचारलं, दुसरा ट्रक यायचाय का. शिट्टीबाईनं सांगितलं, पुढच्या आठवड्यात. ती बाबांपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, मी सकाळी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," बाबा म्हणाले.

पुढचं सगळं मला आईकडून कळलं. आईनं ते मला पुष्कळदा सांगितलं, घराच्या चार भिंतींच्या आत, आणि सांगताना दर वेळी आधी बाबांना चार शब्द ऐकवून घेतले.

"घरी आले ते तडक कोपऱ्यात," आई सांगायची. "आपलं धान्य उचलायला लागले. मी म्हटलं, कुठे निघालात? म्हणे, वर. म्हटलं, सगळं? म्हणे, सगळं. म्हटलं, अर्धं. आणि तेही माझ्या डोळ्यांसमोर जाईल. ह्यांच्या हाती एकट्यानं धान्य सोडायची माझी छाती नव्हती. वाटेत भेटेल त्याला शीग लावत गेले असते."

दोघं डोंगर चढून गेली. वस्तीतल्या बायका भांडी घेऊन अंगणात आल्या, आणि बाबांनी घरून आणलेल्या लहान मापानं पहिल्या घराला घातलं ते शिगेनं. तिथेसुद्धा. दुसऱ्यालाही शिगेनं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, ती बघत होती. ती उठली, बाबांच्या शेजारी येऊन वाकली आणि काही न बोलता तिनं आपला तळवा मापाच्या तोंडावरून ओढला. शीग पोत्यात पडली.

"आणि म्हणाली काय, तर पलीकडे अजून घरं आहेत," आई सांगायची. "रागानं नाही. तू चुकलास, असंही नाही. नुसतं, बाबा, पलीकडे अजून घरं आहेत. ह्यांचा चेहरा बघायला हवा होतास तू. मी लग्नात पाहिला नव्हता इतका निरखून पाहिला."

त्यानंतर बाबांनी प्रत्येक मापावर स्वतःच तळवा फिरवला आणि धान्य शेवटच्या घरापर्यंत गेलं. थोडं थोडं, पण गेलं.

पुढच्या ट्रकच्या आधी वस्तीतलं एक तान्हं मूल वारलं. ते आधीपासूनच आजारी होतं. शिट्टीबाई म्हणाली, डॉक्टर म्हणाला, आई म्हणाली. त्याच्या स्वतःच्या बापानंही बाबांना तसंच सांगितलं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही.

दुसऱ्या वाटपाला त्यांनी फळी स्वतःहून मागून घेतली.

त्या दिवशी मी आईबरोबर रांगेत होते, आणि आमच्या पुढे आत्या होती. आत्या बाबांहून बरीच मोठी. त्यांची आई लवकर गेली आणि आत्यानंच त्यांना वाढवलं, न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं. ती कमरेवर भांडं घेऊन पुढे झाली आणि भावाकडे बघून हसली, मागच्या वेळेसारखी. बाबांनी डबा भरला. शीग आपोआप चढली, हातच तसा होता. मग त्यांनी फळी उचलली आणि काठावरून फिरवली. दाणे पोत्यात पडल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही. पण शेडमधलं बोलणं थांबलं.

आत्या भांडं पुढे धरूनच उभी राहिली. उरलेलं आता घालेल, असं तिला वाटलं असावं.

"मला?" ती म्हणाली.

"तुलाही, ताई," बाबा म्हणाले. "चल पुढे."

तिनं भांड्यात पाहिलं. ते धान्य तिला तिथेच ओतून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. पण घरी तिची मुलं होती. अपमान डोक्यावर घेऊन ती घरी गेली, तो शिजवला, मुलांना वाढला आणि स्वतःही खाल्ला. मला वाटतं, बाबांना माफ न करण्याचं कारण हे शेवटचं होतं.

मग आमची पाळी आली. आम्हालाही सपाट. मागच्या सगळ्यांना सपाट. न्हाव्यानं तिथल्या तिथे नाव ठेवलं: फळी. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालं. कुणी म्हणालं, पद मिळालं की माणूस असा फिरतो. कुणी म्हणालं, वाचलेलं धान्य घरी जात असेल. शाळेत मला फळीची पोर म्हणू लागले. नवं पीक हाती येईपर्यंत वाटप चाललं, आणि त्या सगळ्या दिवसांत वरच्या वस्तीतलं एकही माणूस रिकाम्या भांड्यानं परत गेलं नाही. हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. मिळालं नाही तर लक्षात राहतं. मिळालं ते नेहमीसारखंच वाटतं.

फळी फिरवली त्याच संध्याकाळी आई बाबांना म्हणाली होती की जा, ताईंना सांगून या. वस्तीत काय झालं ते सांगा, त्यांना कळेल. तेव्हा बाबा जे बोलले ते मी दाराआडून ऐकलं.

"काय सांगू? पहिल्या दिवशी तुझ्या पदरात जे सांडलं ते त्या लेकराचं होतं, असं सांगू? तिनं ते पोरांना घातलंय. सगळ्यांनीच घातलंय. मी वाढलं, त्यांनी खाल्लं. त्यात त्यांचं काय चुकलं?" मग थोड्या वेळानं, "कुणाला सांगायचं नाही. तू नाही, पोरीनंही नाही. मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

आम्ही नाही सांगितलं. आईनं ते शेवटपर्यंत पाळलं, आणि आई एरवी पोटात काही ठेवणाऱ्यांपैकी नव्हती. मी शाळेत गप्प राहिले, बाजारात गप्प राहिले. नंतर मी शिकायला बाहेर गेले, पुष्कळ वाचलं, माणसांनी कठीण प्रसंगी काय केलं याबद्दलचं तर फारच. पण कुणी विचारलं की तुमचे वडील काय करायचे, तर मी नुसतं म्हणायचे, बाजारात होते.

काळानं पुष्कळ गोष्टींच्या कडा झिजवल्या. बाजार पुन्हा भरला, वजनकाटे आले, मापाड्यांचं काम संपलं. फळी हे नाव शिवीचं लाडाचं झालं. ज्यांनी ते ठेवलं तेच बाबांबरोबर संध्याकाळी पारावर बसू लागले. आत्या तेवढी आली नाही.

तर त्या शेवटच्या दिवशी मी आत्याकडून परत आले, आणि रात्री जेवताना तिचा निरोप सांगितला. का केलं ते एकदा सांगावं, मग येते म्हणाली.

बाबांनी भातावर आमटी घेतली, कालवली.

"मग नाही येणार ती," ते म्हणाले.

मी म्हणाले की आता इतकी वर्षं झाली. ते मूल जगलं असतं तर आज त्यालाच मुलं असती. आत्याला कळलं तर वाईट वाटेल, पण भाऊ परत मिळेल. मी हे बऱ्यापैकी नीट मांडलं असावं, कारण त्यांनी मध्येच तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पपई खाल्ली का तिनं?"

"सुनेनं आत नेली कापायला."

"गोड असेल," ते म्हणाले. "या वेळी झाड गोड धरलंय." आणि मला आणखी भात वाढला.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. रेडिओ लावलेला नव्हता, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. कप मी खिडकीत ठेवला. मग त्यांच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर आला आणि झोपेतच गेले म्हणाला. शेजारणीनं मला खुर्चीवर बसवलं. मी आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, मी येतोच, आईला सांगतो, पण ती येईल की नाही ते माहीत नाही, तुला तर ठाऊकच आहे.

दहा-अकराच्या सुमारास खोली भरली. आले ते बहुतेक म्हातारेच. न्हावी आला आणि कालच कापलेल्या त्या केसांकडे बघत राहिला. "चांगले कापले होते मी," तो मला म्हणाला. बाजारातला जुना हमाल आला, काठी टेकत. दोन बायका आल्या, ज्यांना मी रांगेत पाहिल्याचं मला आठवत होतं. तेव्हा त्या तरुण होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, फळी गेला. कुणीतरी म्हणालं, वर जाऊन आता तिथलं माप सपाट करील. त्यावर दोघंतिघं हसले आणि मग त्यांना वाईट वाटलं. मला राग आला नाही. ते त्यांच्यावर प्रेमच करत होते, त्यांना जमेल तसं.

आत्या आली. मुलाच्या दंडाला धरून, एकेका पायरीवर थांबत. दारात ती उभी राहिली आणि पहिल्यांदा बाबांकडे नाही, भिंतीकडे पाहिलं.

"ही खिडकी नव्हती इथे," ती म्हणाली.

मी सांगितलं, भिंत फोडून काढली मागे कधीतरी.

"उजेड येतो चांगला."

लोकांनी वाट करून दिली. तिला खाली बसता येईना म्हणून कुणीतरी खुर्ची पुढे केली. ती तिनं बाजूला सारली आणि मुलाच्या आधारानं पलंगाच्या कडेवर बसली. मग तिनं बाबांच्या कपाळावरून हात फिरवला, उलटा, लहान मुलाचा ताप बघतात तसा.

"तुला भरवून मग मी खायची," ती त्यांना म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. तक्रार होती, रोजची, घरातली. "आणि तू सगळ्यांदेखत माझ्या भांड्यावर फळी फिरवलीस. थोडं वर राहिलं असतं तर काय बिघडलं असतं रे?"

प्रश्न बाबांना होता, पण तो तिचा एकटीचा नव्हता. त्या खोलीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या भांड्यावरून ती फळी फिरली होती, आणि सगळे आपापल्या जागी, डोळे खाली घालून, उत्तराची वाट बघत असल्यासारखे उभे होते. हमालानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. उत्तर माहीत असलेली मी एकटीच उरले होते.

त्यांनी आम्हाला गप्प राहायला का सांगितलं ते मला ठाऊक होतं. ते कारण अजूनही खरं होतं. समोर बसलेल्या बाईच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या, गुडघे सुजले होते, आणि तिला उरलेलं आयुष्य शांतपणे काढायचा पूर्ण हक्क होता. पहिल्या दिवसाबद्दल मी काही बोलणार नव्हते. तेवढं मी पाळीन. पण तिनं विचारलं होतं, आणि ज्यानं उत्तर द्यायचं त्यानं ते आयुष्यभर गिळलं होतं. त्यांच्या बाजूनं एक शब्द मी कधी, कुठे उच्चारला नव्हता.

"बिघडलं असतं, आत्या," मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. आत्यानं मान वळवली. इतरांनीही.

"रांग तुझ्यापाशी संपत नव्हती. आमच्यापाशीही नव्हती. वरच्या वस्तीतली माणसं आपल्या मागे उभी होती."